हुंकार आणि होकार

सायप्रसच्या खोडावर ऊन पडलं की त्यातून एक वास सुटतो, थोडा धुपाचा, थोडा नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या आवारात अशी कित्येक शतकांची झाडं रांगेने उभी आहेत, आणि ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सकाळी, आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं निळं असताना, तो वास दक्षिणेकडच्या उघड्या वेदीपर्यंत येत होता. संगमरवराचे तीन गोल चौथरे एकावर एक रचलेले, भोवती नक्षीचे कठडे, वर छप्पर नाही, आत मूर्ती नाही. आणि अगदी मधोमध मोठ्या परातीएवढा एक गोल, किंचित उंच दगड, असंख्य पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला. त्याला स्वर्गाचं हृदय म्हणतात. हिवाळ्यातल्या सर्वांत छोट्या दिवशी सम्राट इथे येऊन स्वर्गाला आपला वृत्तांत सांगायचा. आता तिथे फोटोसाठी रांग लागते. त्या रांगेत मी होते, माझ्यामागे ऑफिसातली माझी तरुण सहकारी ईशा होती, तिच्यामागे आमचा मॅनेजर ग्रॅहम होता, आणि ग्रॅहमचा मला इतका राग आला होता की त्या हृदयावर उभं राहून काय म्हणायचं हे रांगेत शिरतानाच माझं ठरलं होतं.

मी इंग्लंडात मेडनहेडला राहते आणि गेली अठरा वर्षं लिफ्टची दारं ऐकते. तपासते असं म्हणायला हवं, पण काम मुख्यतः कानाचंच. आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते. दार मिटताना मध्ये कुणाचा हात आला, पिशवी आली, कुत्र्याची साखळी आली, तर दाराला ते वेळेवर कळतं की नाही हे बघायची आमची एक छोटी लॅब आहे, आणि त्या लॅबमध्ये कुठेही न जाणारी एक लिफ्ट आहे. तिचं दार दिवसभर उघडतं नि मिटतं. मिटताना मध्ये एक रबरी हात येतो. त्या हाताचं नाव डोरिस. हे नाव माझ्याआधी लॅब सांभाळणाऱ्या डेरेकने ठेवलं होतं, आणि त्यानेच मला शिकवलं की मीटरवर काही दिसायच्या कितीतरी आधी दार स्वतःच आपली तक्रार सांगतं. मिटण्याच्या शेवटच्या क्षणी त्याला एक बारीक, घसरता सूर लागतो. तो सूर ऐकू यायला मला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला त्या दिवशी मी घरी जाऊन गोडाचा शिरा केला होता, आणि कशाबद्दल केला हे नवऱ्याला नीट सांगता आलं नव्हतं.

तर ही लॅब बीजिंगला जाणार होती. म्हणजे तिथेही एक लॅब उघडायची, आपण जाऊन ती लावून द्यायची आणि परत यायचं, अशी माझी समजूत होती. ऑगस्टमध्ये ग्रॅहमने मला काचेच्या खोलीत बसवून तासभर काही समजावलं होतं. त्यात ट्रान्झिशन हा शब्द बऱ्याचदा आला, नॅचरल पॉइंट आला, स्टेपिंग बॅक आलं. इंग्रज माणूस वाईट बातमी सांगतो तेव्हा ती इतक्या मऊ कागदात गुंडाळून देतो की घरी नेऊन उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. मी मान डोलवत ऐकत होते. मधूनमधून म्हणत होते, हं. हं. राइट. हं. खिडकीबाहेर स्टेशनाकडे जाणारी माणसं दिसत होती, आणि माझ्या मनात बीजिंगच्या लॅबमध्ये तिथल्या नव्या डोरिसचा स्टँड कुठल्या भिंतीला लावायचा याचा विचार चालला होता.

ग्रॅहम वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल. तो लॅबमध्ये शिरताना दारावर टकटक करतो, जिथे टकटक करायची काही गरज नाही. माझी आई गेली तेव्हा मी सोलापूरला असताना त्याने स्वतः फोन करून सांगितलं होतं, हवं तितके दिवस राहा. अशा माणसावर रागवायला कष्ट पडतात. माझा राग वर यायलाच अर्धा दिवस लागला.

बीजिंगमधला कामाचा आठवडा संपला आणि शनिवारी आम्ही चीनची भिंत पाहायला गेलो. आम्ही म्हणजे ग्रॅहम, ईशा आणि मी. ईशा लेस्टरची, आईवडील दोघेही तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. जन्म तिथलाच, मराठी घरात ऐकून शिकलेली, त्यामुळे शब्द सगळे येतात पण त्यांची लिंगं आपापल्या मर्जीने फिरत असतात. ऑफिसात ती मला वसुधा म्हणते आणि ऑफिसच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की मावशी. "मावशी, किती मोठा भिंत आहे," ती म्हणाली, आणि ती भिंत होतीही तशी, डोंगराच्या माथ्यामाथ्यावरून चढत-उतरत धुक्यात नाहीशी होणारी, दोन्ही बाजूंना पिवळी-तांबडी होत आलेली रानं. पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघाभर. कुठेतरी खाली कुणी भाजलेले चेस्टनट विकत होतं आणि त्या खमंग वासाने मला उगीचच भूक लागली होती. एका बुरुजात शिरलो. आत गारवा होता, खिडकीच्या चौकटीत डोंगर बसवल्यासारखे दिसत होते. ग्रॅहम दगडावर हात टेकून म्हणाला की बघ, एवढी मोठी भिंत बांधली, तरी शेवटी जे यायचं ते आलंच. बदल अडवता येत नाही. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, म्हणाला, "वसुधा, थँक यू फॉर बीइंग सो ग्रेशस अबाउट धिस. लॅब बंद होणं, इतक्या वर्षांनी जॉब सोडणं, इट कान्ट बी ईझी. दुसऱ्या कुणी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं."

आणि मी म्हणाले, "हं."

पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता; तो असा भिंतीवर उभं असताना अनुभवायला मिळेल असं वाटलं नव्हतं. लॅब बंद होणार होती. मी जाणार होते. आणि हे सगळं मी आनंदाने कबूल केलं होतं, असं समोरचा सज्जन माणूस मला सांगत होता, त्याबद्दल माझे आभार मानत होता, आणि त्यावरही मी मान डोलवून हं म्हणाले होते. खाली उतरायला तिथे घसरगुंडी आहे, छोट्या गाडीत बसून वळणावळणाने घसरत यायचं. ग्रॅहम आणि ईशा त्यातून ओरडत, हसत गेले. मी पायऱ्यांनी उतरले. गुडघे बोलत होते, पण त्या क्षणी मला कुठल्याही उतारावरून आपोआप घसरत जायचं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी ऑगस्टमधली ती मेल शोधून काढली. बैठकीचा वृत्तांत, ज्याला ऑफिसात मिनिट्स म्हणतात, तो ग्रॅहमने दुसऱ्याच दिवशी पाठवला होता; जोडलेली फाइल मी कधी उघडलीच नव्हती. खरं सांगा, मिनिट्स कोण वाचतं? त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मेडनहेडची लॅब मार्चअखेर बंद होईल, सगळी उपकरणं, म्हणजे डोरिससुद्धा, बीजिंगला पाठवली जातील, बीजिंगच्या टीमला मी तीन आठवडे शिकवीन आणि त्यानंतर कंपनीतून बाहेर पडेन. शेवटी एक ओळ होती: वसुधा इज फुली ऑन बोर्ड. अठरा वर्षांच्या कामाच्या शेवटाला मी दिलेली संमती एका ओळीची होती आणि ती मी दिलेलीच नव्हती.

हॉटेलवर पोचल्यावर नवऱ्याला, श्रीकांतला, फोन केला. मेडनहेडला तेव्हा दुपार होती, तो कपडे वाळत घालत होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अगं, पण तू नाही म्हणालीस का? मला माहितेय तू कशी हं हं करतेस ते. समोरच्याला वाटतं झालं, ठरलं."

"तुला असं कधी वाटलं?"

पलीकडे जरा वेळ नुसता चिमट्यांचा आवाज. मग म्हणाला, "इंग्लंडला यायचं ठरलं तेव्हा."

तेव्हा मी भाकरी थापत होते. तो म्हणाला होता की तिकडून ऑफर आली आहे, जावंसं वाटतंय, आणि मी म्हणाले होते, हं. म्हणजे ऐकलं, बघू, विचार करू, आधी ही भाकरी तव्यावर जाऊ दे. पंधरा दिवसांनी तिकिटं आली. नंतर मला इथलं सगळंच आवडत गेलं, नदीकाठ, लांबलचक संध्याकाळी, माझी लॅब, त्यामुळे तक्रार करायला जागा उरली नाही. पण मी या देशात एका हुंकारावर आले, हे मला बीजिंगच्या हॉटेलच्या पलंगावर बसून पहिल्यांदा कळलं. आणि मग आठवतच गेलं. सासूबाईंनी फोनवर सांगितलेल्या व्रतांना दिलेले हुंकार, मुलीच्या शाळेत बाईंनी तिचा विषय बदलला तेव्हाचा हुंकार, पगारवाढ पुढच्या वर्षी बघू असं ऐकल्यावरचा. प्रत्येक हं कुणीतरी उचलून नेला होता आणि त्यावर हो असा शिक्का मारून आपल्या कामाला लावला होता. मला राग आला. आधी ग्रॅहमचा आला, मग श्रीकांतचा, आणि मग, सगळ्यांत जास्त, माझा स्वतःचा.

हुंकार मी शिकले माझ्या वडिलांकडून. बाबा सोलापूरच्या एका चादरींच्या गिरणीत होते. सुट्टीच्या दुपारी ते जमिनीवर उताणे पडून आम्हाला गोष्ट सांगायचे, आणि अट एकच असायची: हुंकार द्यायचा. वर्षानुवर्षं यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान मंदावले होते, डोळे मिटलेले असायचे, त्यामुळे आम्ही ऐकतोय की झोपलो हे त्यांना त्या हं वरूनच कळायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. राजा जंगलात, तर राजा जंगलातच. एकदा मी तंद्रीत नुसतीच हं हं करत राहिले. बाबांनी शांतपणे सांगितलं की मग राजाने हत्ती घडी करून खिशात घातला. मी म्हणाले, हं. राणी तो खिसा धुवायला नदीवर गेली. हं. मग बाबा उठून बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "वसू, हत्ती खिशात गेला आणि तू हं म्हणालीस! पटत नसेल तिथे गप्प बसावं की गं, म्हणजे मला थांबता तरी येईल." तेव्हा मी नुसती लाजले होते. भिंतीवर ग्रॅहमने माझा अख्खा हत्ती घडी करून खिशात घातला होता, आणि मी पुन्हा तेच म्हणाले होते.

रविवारी सकाळी आम्हाला स्वर्गमंदिर दाखवायला श्याओलान आली. ती बीजिंगच्या टीमची प्रमुख, चाळिशीची, केस कानापाशी आखूड, चालणं भरभर. आठवडाभर आम्ही दोघी दारांपुढे उभ्या होतो, माझ्यासारखीच तिलाही कामात घाई नसते हे मला आवडलं होतं. आवारात शिरलो तर तिथे देवळाची शांतता नव्हतीच. निवृत्त माणसांचा मेळाच भरला होता. लांबलचक रंगीत पडवीत म्हाताऱ्या बायका विणत बसल्या होत्या, पुरुष पत्ते आपटत होते, झाडांखाली कुणी पिसांचं फूल पायाने उडवत होतं आणि ते खाली पडू देत नव्हतं. त्या माणसांना बघून मला बरं वाटलं. कुणीही स्टेपिंग बॅक केलेलं दिसत नव्हतं.

उंच, दगडी, सरळ रस्त्यावरून आम्ही वेदीकडे चाललो होतो. ग्रॅहम श्याओलानला सांगत होता की चिनी नववर्षाच्या सुट्टीआधीच लॅब चालू व्हायला हवी, तिच्याच दोन माणसांनी ती चालवावी, वसुधाचे तीन आठवडे पुरेत. श्याओलान चालता चालता मान हलवत म्हणत होती, अं. अं. अं. ग्रॅहमने फोन काढून त्यात काहीतरी टिपून घेतलं. ईशा माझ्या कानाशी आली. "मावशी, ती पण तुझ्यासारखीच करते. सेम टू सेम."

मी पावलं भरभर टाकून श्याओलानला गाठलं आणि विचारलं, तू आता त्याला हो म्हणालीस का? ती चकित झाली. नाही तर, ती म्हणाली, मी फक्त ऐकत होते. तीन आठवड्यांत काहीच होणार नाही. तुझं ते दार ऐकणं माझ्या मुलांना मीटरवरून नाही शिकता येणार. मग अं म्हणजे काय, मी विचारलं. ती म्हणाली, अं म्हणजे मी इथे आहे, तू बोल. मी तिला सांगितलं की माझ्या भाषेत याला हुंकार म्हणतात आणि ग्रॅहमच्या फोनात त्याचा होकार झाला आहे. तिने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, हुंकाल, हुंकाल, आणि मग आम्ही दोघी त्या सम्राटांच्या रस्त्यावर उभ्या राहून इतक्या हसलो की मागून येणारं एक कुटुंब आम्हाला वळसा घालून गेलं. हसण्याचा भर ओसरल्यावर ती गंभीरपणे म्हणाली की तिच्याबद्दल ग्रॅहमशी ती सोमवारी स्वतः बोलेल. माझ्याबद्दल मलाच बोलावं लागणार होतं, हे तिने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

रांग पुढे सरकत होती. लोक दगडावर चढत, हसत, टाळी वाजवत, फोटो काढून उतरत. लहानपणी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोल घुमट पाहिला होता, तिथे आम्ही सगळ्या मुलींनी एकमेकींची नावं ओरडून बाईंचा ओरडा खाल्ला होता. तिथला घुमट तुमचा आवाज घेऊन सगळ्यांना वाटत सुटतो. इथे घुमट नाही, नुसतं आकाश. पण श्याओलान म्हणाली की भोवतीच्या दगडी कठड्यांवर आदळून आवाज परत मधोमध येतो, म्हणून सम्राटाला वाटायचं स्वर्ग उत्तर देतोय. माझी पाळी आली. दगड उन्हाने कोमट झाला होता, बुटांच्या तळव्यांतूनसुद्धा ते जाणवलं. पुढे दक्षिणेच्या कमानी, मागे निळ्या कौलांचं छप्पर. मी फोटोसाठी हसले नाही. पोटातून श्वास घेतला आणि म्हणाले, "नाही."

आणि तो आला. माझाच आवाज, पण भरलेला, खालून वर उठलेला, छातीच्या हाडांना जाणवणारा, जणू अठरा वर्षं आणि त्याआधीचीही सगळी वर्षं कुठेतरी साठून राहिलेलं ते अक्षर एकदम मोकळं झालं होतं. आपल्या भाषेत हुंकार या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक गोष्ट ऐकणाऱ्या मुलीचा. दुसरा रणात उतरणाऱ्याचा. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे राहतात हे मला कधी कळलं नव्हतं; त्या दगडावर उभी असताना ते माझ्या बरगड्यांना कळलं. माझे डोळे भरून आले. मी आणखी एकदा म्हणाले, नाही, आणि तृप्त होऊन खाली उतरले.

"केवढा मोठा आला ना आवाज!" मी ईशाला म्हणाले.

ती गोंधळून बघत राहिली. "नाही मावशी. तुझी आवाज तर नॉर्मलच होती. तू काय बोलली ते पण नीट नाही ऐकली मी."

मग ती दगडावर गेली, काहीतरी गुणगुणली, आणि तिचे डोळे विस्फारले. आम्हाला मात्र तिचं गुणगुणणं जेमतेम ऐकू आलं. तो दगड असाच आहे. आवाज मोठा होतो तो फक्त त्यावर उभ्या असलेल्याच्या कानात. भोवती उभे असलेले दरबारी, पुरोहित, सैनिक यांना सम्राट नेहमीसारखाच बोलताना ऐकू येत असणार, आणि सम्राट मात्र सगळं विश्व दुमदुमलं अशा समजुतीत परत जात असणार. मला हसू आलं आणि लगोलग वैतागही आला, कारण मीही तशीच समजूत घेऊन विमानात बसणार होते. आतल्या आत मी आयुष्यभर किती वेळा नाही म्हणाले होते, आणि दरवेळी मला ते केवढं तरी मोठं ऐकू आलं होतं.

ग्रॅहम दगडावर उभा राहून हॅलो म्हणाला, खूश होऊन उतरला. मी त्याला सायप्रसच्या सावलीत गाठलं. ईशा दोन पावलं मागे थांबली.

"ग्रॅहम, ऑगस्टची मिनिट्स चुकीची आहेत," मी म्हणाले. "मी कबूल झाले नव्हते. मी ऐकत होते."

तो आधी हसला, मग हसू विरलं. "पण वसुधा, यू नॉडेड. ऑल द वे थ्रू. कालसुद्धा, भिंतीवर."

"काल मला पहिल्यांदा कळलं. तेव्हाही मी ऐकतच होते. आमच्याकडे कुणी बोलत असताना मध्ये हं म्हणणं ही रीत आहे. समोरच्याला एकटं वाटू नये म्हणून. त्याचा अर्थ हो नाही."

"आय सी," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. मग म्हणाला, "राइट. बट द डिसिजन इज मोअर ऑर लेस मेड."

"असेल. पण त्यात माझी संमती आहे असं जिथे लिहिलंय, तिथून ती काढा. मग बोलू."

परत चालताना आमच्यात जे अंतर पडलं ते मी भरून काढलं नाही. एरवी मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ते भरून काढलं असतं. ईशाने माझा हात धरला. तिचा तळवा घामेजला होता, म्हणजे घाबरली होती ती माझ्यापेक्षा जास्त. "मावशी," ती हळूच म्हणाली, "माझा आई पण अशीच हं हं करते हॉस्पिटलमध्ये. मी सांगणार तिला." मी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

मेडनहेडला परतलो तोवर हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली होती आणि संध्याकाळ चहाच्या वेळेलाच खिडकीशी येऊन बसायला लागली होती. सुधारलेली मिनिट्स आली. त्यात फुली ऑन बोर्डच्या जागी लिहिलं होतं, वसुधा हॅज नोटेड द प्रपोजल. मी उत्तर पाठवलं: नोटेड, नॉट अग्रीड. दोन-तीन दिवस काही आलं नाही. मग ग्रॅहमने विचारलं की प्रत्यक्ष बोलायचं का, काचेच्या खोलीत. मी म्हटलं, लॅबमध्ये.

तो आला, टकटक करून. लॅबमध्ये खोके आणून ठेवलेले होते आणि माझ्या गैरहजेरीत कुणीतरी डोरिसला बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळून त्यातल्या एकात घातलं होतं. सकाळीच मी तिला बाहेर काढून पुन्हा स्टँडला लावलं होतं. दार चालू होतं. उघडत होतं, मिटायला येत होतं, डोरिसच्या बोटांना टेकून परत जात होतं. ग्रॅहमने स्टूल ओढलं आणि बोलायला सुरुवात केली. तो चांगलं बोलतो, हे मला कबूल करायला हवं. त्याने माझ्या कामाची स्तुती केली. श्याओलाननेही काही मुद्दे काढले आहेत, त्यांचा विचार चालू आहे, असं म्हणाला. मग सावकाश, नेहमीच्या मऊ कागदात गुंडाळत, तो पुन्हा मार्चकडे, नॅचरल पॉइंटकडे, स्टेपिंग बॅककडे वळू लागला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. मान हलवली नाही. हं म्हणाले नाही. हे सोपं नव्हतं. घशात तो हुंकार दर वाक्याच्या शेवटी येऊन उभा राहत होता, लहानपणापासूनची सवय, उद्धटपणा वाटत होता न देणं. पण मी दिला नाही. पहिल्या वाक्यानंतर तो थोडा थबकला. दुसऱ्यानंतर त्याने कॉलर सैल केली. तिसरं वाक्य त्याने सुरू केलं, अर्ध्यावर त्याची नजर दाराकडे गेली, तिथून माझ्याकडे आली, आणि ते वाक्य तिथेच राहिलं. राजा जंगलात, तर राजा जंगलातच. बाबा, मी मनात म्हणाले, थांबली बघा गोष्ट.

बराच वेळ नुसतं दार ऐकू येत होतं. त्यात कुठेही तो घसरता सूर नव्हता.

"वसुधा," ग्रॅहमने शेवटी विचारलं, "आर यू विथ मी?"

"नाही," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, नेहमीच्या आवाजात, आणि एवढं मराठी त्याला कळलं.